मान कापलेल्या बासचे म्हणणे

मी एक जुना डबल बास आहे. या क्षणी मी एका विमानाच्या पोटात, कुणाच्या तरी बाळगाडीच्या आणि खोक्यांच्या मध्ये, माझ्या पेटीत उताणा पडलेलो आहे. माझी मान माझ्या धडाला जोडलेली नाही. ती शेजारी एका वेगळ्या पिशवीत आहे. मित्रांनो, घाबरू नका, ही भुताटकी नाही. मान माझीच आहे. ती कोणी कापायला लावली आणि का, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुमच्या पुस्तकांत छत्री, पाटी, सायकल, घड्याळ अशा पुष्कळ वस्तू आपापली कहाणी सांगतात. बिचाऱ्या फार सोशिक असतात. गंजल्या, मोडल्या, अडगळीत पडल्या, तरी 'माझ्या जन्माचे सार्थक झाले' म्हणून डोळे टिपतात. मी त्यांतला नाही. मला राग आलेला आहे. तो गिळून गोड बोलणे मला जमणार नाही, आणि जमले तरी मी बोलणार नाही.

तुमच्यापैकी काहींनी डबल बास पाहिलाही नसेल. व्हायोलिन तर पाहिले आहे ना? ते हनुवटीखाली मावते. त्याच आकाराचे, पण उंच माणसाच्याही डोक्यावर जाईल एवढे मोठे वाद्य डोळ्यांसमोर आणा. तो मी. मला उभा करून, जवळजवळ मिठी मारून वाजवावे लागते. वाद्यवृंदात आम्हाला सगळ्यांत मागे उभे करतात. फोटोत आमची फक्त डोकी येतात. आमचा आवाज जाड, खालचा, जमिनीतून आल्यासारखा. ऐकणाऱ्यांना वाटते, हा असला काय आणि नसला काय. पण आम्ही मध्येच थांबलो की पुढे बसलेल्या व्हायोलिनवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवायचे, साच्यात घालायचे आणि यंत्राने दाबायचे, अशी आमची पैदास. माझ्याबरोबर माझे कितीतरी भाऊ दाबले गेले. तयार झाल्यावर एका तपासनिसाने माझ्या पाठीवर टकटक केले, कान लावला आणि म्हणाला, "शाळेसाठी ठीक आहे." हे माझे बारसे.

शाळेत मी बरीच वर्षे काढली. संगीताची खोली सायकलींच्या छपराला लागून होती. मुलांनी माझ्या कडा ठेचल्या, माझ्या पाठीवर कर्कटकाने आपली नावे कोरली, एकाने तर माझ्या पोटाच्या भोकातून आत खोडरबर टाकले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी मला लाथा मारल्या, पण वाजवलेही. संगीताच्या बाई स्नेहसंमेलनाच्या आधी माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायच्या, "हा आहे म्हणून तुमचं गाणं जागेवर राहतंय, नाहीतर पार उधळलं असतं!" हे ऐकले की माझ्या चारही तारा ताठ व्हायच्या. पुढे शाळेने संगीताचा तास बंद केला. खोलीत संगणक आले आणि मी व्हरांड्यात आलो. माझ्या खुंट्यांवर मुलांचे रेनकोट टांगले जाऊ लागले.

तिथून मला मुंगीच्या बाबाने घरी आणले. तो शहराच्या वाद्यवृंदात बास वाजवतो. वयाने मोठा आहे, पण मी त्याला अहो-जाहो करणार नाही. माणूस वाईट नाही, असे सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. त्याच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असे, तो म्हणजे 'जपून'. कप उचलला की जपून, जिना उतरला की जपून, कोणी शिंकले तरी जपून. वाद्यवृंदातल्या लोकांनी त्याचे टोपणनावच 'जपून' ठेवले होते. त्याला त्याचा अभिमान वाटायचा.

मुंगी ही त्याची एकुलती एक मुलगी. अंगाने बारीक, उंचीने बेताची, आणि वाजवायला घेतले काय तर बास! मला घरभर ढकलत न्यायची, तेव्हा समोरून पाहणाऱ्याला नुसता मीच चालत आल्यासारखा दिसे. आईने म्हणूनच तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटले. लहानपणी ती साबणाच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहून मला वाजवायची. खोके आईच्या दुकानातले. आईचे कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान होते.

त्या घरात आणखी एक बास होता. त्याला सगळे 'थोरले' म्हणत. तो मुंगीच्या आजोबांचा. पापुद्र्यांचा नव्हे हो, सबंध जाड लाकूड कोरून घडवलेला. थोरल्यांना स्वतंत्र खोली होती. त्या खोलीत हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याची टाकी असलेले एक यंत्र घुं घुं करत असे. खिडकीला जाड पडदा, अंगावर मखमली खोळ. घरात कोणाला सर्दी झाली तर त्याने त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. थोरल्यांना शिंका येतील म्हणून की काय, कोण जाणे! आणि मी? मी स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रिजच्या आडोशाला. माझ्या खांद्यावर ओली फडकी वाळत. मला घरात 'ठोकळा' म्हणत.

मला थोरल्यांचा हेवा वाटत होता का? वाटत होता, खोटे कशाला बोलू? पण एकदा त्यांच्या खोलीचे दार उघडे राहिले, तेव्हा मी त्यांना विचारले, "आजोबा, शेवटचे मनसोक्त कधी वाजलात?" त्यांनी आठवून पाहिले. मग म्हणाले, "आठवत नाही रे. सुट्टीच्या दिवशी तो खोळ काढतो, दोन सुरावटी वाजवतो आणि पुसून ठेवतो. पुसतो फार छान." त्या दिवसापासून मी त्यांचा हेवा करणे सोडले. बाबा त्यांना आपल्या स्वतःच्या कार्यक्रमालासुद्धा नेत नसे. तिथे तो वाद्यवृंदाच्या मालकीचा बास वाजवी. थोरल्यांना टॅक्सीत ठेच लागली तर?

मुंगीला मात्र दोघांचीही सवय होती. माझी मापे थोरल्यांसारखीच होती, म्हणून तर तिच्या सरावासाठी मला आणले होते. बाबा तालमीला गेला की आई हळूच थोरल्यांच्या खोलीचे दार उघडायची आणि म्हणायची, "जा, वाजव. मी उभी आहे खिडकीत. आले की खोकते." मुंगी तासभर तिथे वाजवायची आणि आई खोकली की धूम ठोकून माझ्याकडे यायची. तोच धडा ती माझ्यावर पुढे चालू ठेवी. बाबा चपला काढता काढता म्हणे, "अरे वा, आज ठोकळासुद्धा बरा वाजतोय!"

अशी मुंगी मोठी झाली. बोटांना घट्टे पडले, हात तयार झाला. मग एक दिवस समुद्रापलीकडच्या एका देशातून बोलावणे आले. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात बास वाजवणाऱ्याची एक जागा रिकामी झाली होती. मुंगीने आपले वादन रेकॉर्ड करून पाठवले होते. ते रेकॉर्डिंग माझ्यावर केले होते बरं का! आईच्या दुकानात, टांगलेल्या चादरींच्या मध्ये मला उभा करून. ते ऐकून त्यांनी तिला प्रत्यक्ष वाजवून दाखवायला बोलावले. अशी जागा वारंवार रिकामी होत नाही. कधी कधी एकेक माणूस म्हातारा होईपर्यंत ती धरून बसतो. मुंगीने वाजवायला घेतल्यापासून हेच एक मनात धरले होते. आई दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगत सुटली. मुंगी घरातल्या घरात नाचत होती.

आणि मग जेवणाच्या टेबलावर प्रश्न निघाला, की विमानातून कोणता बास न्यायचा?

"बाबा, थोरल्यांना नेऊ?" मुंगीने विचारले.

बाबाचा घास हातातच राहिला. "विमानातून? वेडी का काय तू?"

"भक्कम पेटी मिळते. मी चौकशी केलीये सगळी."

"पेटी भक्कम असेल गं, पण ती उचलणारी माणसं? दाणकन आपटतात. मी डोळ्यांनी बघितलंय. थोरल्यांना काही झालं तर दुसरे कुठून आणायचे?"

"बाबा, तिथे आवाजावरच सगळं आहे. पडद्याआडून ऐकतात. माणूस दिसतच नाही त्यांना."

"मग तिकडेच कुणाचा तरी मागून घ्यावा," आई म्हणाली.

"परक्या बासवर हात बसायला आठवडे जातात. छे, छे, ते नको." बाबा पाणी प्यायला. मग मान वळवून त्याने फ्रिजच्या बाजूला, माझ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, ठोकळ्याला ने की! हा फुटला तरी चालेल."

मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुटला तरी चालेल! मी त्याच्या मुलीला सूर शिकवला. तिच्या चुका मी ऐकल्या, ती रुसून बसली तेव्हा तिची हनुवटी माझ्या खांद्यावर होती. तिचे बोलावणे ज्या आवाजाला आले तो आवाजही माझाच होता. आणि माझ्या अंगी मोठा गुण कोणता, तर म्हणे फुटलो तरी कुणाचे काही बिघडत नाही! माझी निवड झाली, पण ती कशी झाली ते पाहा. चिखलात जाताना माणूस जुन्या चपला निवडतो, तशी. मुंगी काहीतरी बोलणार होती. पण ती ताटाकडेच बघत बसली.

अपमान तेवढ्यावर भागला नाही. मान असलेला उभा बास इतका लांबलचक होतो, की त्याची पेटी विमानवाले घेत नाहीत. मान काढून वेगळी ठेवता आली, तर घेतात. आता थोरल्यांची मान कापणे म्हणजे महापाप. माझी कापायला कोणाची ना असणार? बाबाने मला गाडीत घातले आणि वाद्यदुरुस्तीवाल्याकडे नेऊन टाकले.

दुरुस्तीवाला काका हा एक बडबड्या गडी. "बघा तर खरं! सांधा शोधून दाखवलात तर नाव बदलीन," असे म्हणत त्याने करवत काढली. मुंगीने एक हात माझ्या पाठीवर घट्ट दाबून धरला होता. "काका, हळू. हळू हो!" असे ती रडत आणि रागावत सारखे म्हणत होती. करवत माझ्या मानेतून गेली. कसे वाटले ते मी सांगणार नाही. तुम्हाला रात्री झोप लागायला हवी. आणि बाबा त्या वेळी कुठे होता, ठाऊक आहे? बाहेरच्या दालनात. थोरल्यांना पुसायला मऊ फडकी निवडत होता.

तो आत असता, तर काका पुढे जे बोलला ते त्याच्याही कानांवर पडले असते. ते तुम्हीही नीट ऐका. माझ्या तारा एका लाकडी कमानीवरून जातात. तिला घोडी म्हणतात. त्या घोडीच्या एका पायाखाली, माझ्या पोटात, बोटाएवढी जाड एक लाकडी काडी उभी असते. ती कशानेच चिकटवलेली नसते. वरून दाब असतो म्हणून ती उभी राहते. दाब गेला की ती पडते. ती पडली की तारा वाजतात, पण आवाज मेलेला येतो. कारागीर तिला वाद्याचा जीव म्हणतात, ते काही उगीच नाही.

"मान काढली की तारा सैल पडणार, घोडी निघणार, दाब गेला," काका म्हणाला. "म्हणून घोडीच्या जागी ही कडक उशी ठेवायची आणि तिच्यावरून हा पट्टा पोटाभोवती आवळायचा. चांगला करकचून. हा सुटला की खेळ खलास."

मुंगीने ते काकाकडून पुन्हापुन्हा करून घेतले. मान बसवायची, काढायची, उशी, पट्टा. तिच्या हातांना ते इतके सवयीचे झाले, की ती दुसरीकडे बघत बोलत बोलत करू लागली. आणि खरे सांगतो, मान कापल्यावरही मी चांगला वाजत होतो. त्या आठवड्यांत ती माझ्यावर अशी तुटून पडली होती, की जन्मात वाजलो नव्हतो इतका मी सुरेख वाजलो. एकदा आई इस्त्री बंद करून नुसती ऐकत उभी राहिली. एका गिऱ्हाइकाचा सदरा त्या दिवशी तसाच चुरगळलेला परत गेला.

निघायचा दिवस आला. विमानतळावर बाबा सोडायला आला होता. खिडकीवरच्या बाईंनी माझी पेटी पाहून डोळे विस्फारले आणि म्हणाल्या, "अहो, एवढं मोठं इथे नाही, पलीकडच्या खिडकीवर." मुंगी ती खिडकी शोधायला गेली. मी आणि बाबा दोघेच राहिलो.

तो पेटीभोवती फिरला. मग त्याला काय वाटले कोण जाणे, त्याने पेटीचे खटके उघडले. म्हणाला, "एकदा शेवटचं बघून घेऊ."

त्याने माझ्या पोटाभोवती करकचून आवळलेला पट्टा पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. थोरल्यांच्या अंगावर तो साधा रुमालसुद्धा ठेवू देत नसे. वाद्याच्या छातीवर कसलाही भार नको, हा त्याच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. "काय ही मुलगी! केवढं आवळलंय!" असे पुटपुटत त्याने पट्टा सोडला. पूर्ण सोडला. उशी काढून बाजूला सारली. त्या जागी आपल्या गळ्यातला लोकरीचा मफलर अलगद घडी करून ठेवला. मग माझ्या अंगावर हात फिरवून म्हणाला, "हं, आता मोकळा श्वास घे."

इतकी वर्षे मी त्या घरात काढली. बाबाने माझ्यावर मायेने हात फिरवला तो एवढाच. आणि त्याच हाताने माझा जीव घेतला.

मुंगी धावत आली तोवर खटके लागलेले होते. "सगळं नीट आहे, मी बघितलंय," बाबा म्हणाला. तिने त्याला वाकून नमस्कार केला आणि मला ढकलत घेऊन गेली. विमान सुटताना एक हिसका बसला. पोटात टक् असा बारीकसा आवाज झाला. तेवढाच.

पलीकडे पोचल्यावर मुंगीने भाड्याच्या खोलीत मला उघडले. मफलर दिसला. पट्टा सैल लोंबत होता. तरी तिने घाईने मान बसवली, घोडी उभी केली, तारा ताणल्या आणि त्यांवरून गज फिरवला. घोंगडीखाली कोणी बोलावे तसा आवाज आला. तिने मला हलवून पाहिले. काडी माझ्या पोटात खुळखुळ्यासारखी वाजली.

साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता. तिने एकेका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. कोणी उचलला नाही. मग तिने कपाटातला तारेचा हँगर वाकवला. तो माझ्या पोटाच्या भोकातून आत घालून, जमिनीवर पालथी पडून, एक डोळा मिटून ती काडी उभी करायला लागली. उभी राहायची, पडायची. तिची मनगटे सोलून निघाली. संध्याकाळपर्यंत काडी कशीबशी उभी राहिली, पण जागेवर नव्हे, तिरकी. अर्धा आवाज परत आला. तुमच्या घशाला सूज आली असताना तुम्ही गायला उभे राहिलात तर जसा येईल, तसा.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या इमारतीत, पॅसेजमध्ये, आपापले बास घेऊन बरेच जण उभे होते. मुंगीने एकाला आपली अडचण सांगितली. उंचापुरा मुलगा होता, भला होता. त्याने लगेच आपला बास पुढे केला. पण तो बास त्याच्याच मापाचा, अवाढव्य. मुंगीचा हात त्यावर पुरेना. दोन सूर लावून तिने तो परत दिला आणि त्याचे आभार मानले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चल ठोकळ्या. जेवढं येईल तेवढं देऊ."

आत एक काळा पडदा होता. त्यापलीकडे ऐकणारे बसले होते. कोण वाजवते आहे ते त्यांना कळू नये, न्याय नीट व्हावा, म्हणून तो पडदा. त्यांना मुंगी दिसत नव्हती. तिची सोललेली मनगटे दिसत नव्हती. त्यांच्यापर्यंत पोचत होता तो फक्त माझा बसलेला घसा. तिने असे वाजवले, मित्रांनो, असे वाजवले की माझ्या जागी थोरले असते तर पडदा बाजूला सारून ते लोक उभे राहिले असते. मी जिवाचा आटापिटा केला. पण ज्याचा जीवच जागेवर नाही, तो आटापिटा तरी कशाचा करणार? तिची सुरावट अर्ध्यात असतानाच पडद्याआडून आवाज आला, "धन्यवाद. पुरे."

ती बाहेर आली आणि माझ्याजवळ फरशीवर बसली. रडली नाही. नुसती माझ्या पाठीवर कोरलेली शाळेतल्या मुलांची नावे बोटाने गिरवत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. बाबाच होता.

"मुंगे, बास कसा आहे? फुटला नाही ना?"

ऐकलेत? पहिला प्रश्न बासचा! ज्याला फुटला तरी चालेल म्हणाला, त्याचीसुद्धा आधी चौकशी, आणि मुलीची मागाहून.

"बाबा," मुंगी म्हणाली, "पट्टा तुम्ही सोडलात?"

"अगं, केवढा आवळला होता तू! छातीवर दाब येईल म्हणून मीच जरा सैल केला. आपलं जपून..."

तिने फोन बंद केला.

ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. आम्ही घरी परतलो. दुरुस्तीवाल्या काकाने तोंडाने चकचक करत काडी पुन्हा जागेवर उभी केली. घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते. शेवटी एकदा जेवताना बाबाच बोलला. "थोरल्यांच्या तारा मी जन्मात सैल केल्या नाहीत, मला काय स्वप्न पडलं होतं काडीचं? मी चांगल्यासाठीच केलं ना? जाऊ दे. नशीब समजा, थोरल्यांना नेलं नव्हतं."

आईने हातातला डाव पातेल्यात आपटला.

"नशीब? अहो, नशीब म्हणता याला?" ती म्हणाली. "त्या दिवशी कोणता बास न्यायचा ते तुम्ही ठरवतच नव्हता. तुमच्यासमोर एका बाजूला पोरगी होती आणि एका बाजूला थोरल्यांचं लाकूड. तुम्ही लाकूड वाचवलंत."

"असं कसं बोलतेस तू?"

"जसं झालं तसं बोलते."

मी फ्रिजच्या बाजूला उभा राहून ऐकत होतो. इतके दिवस मी उगाच धुसफुसत होतो, की माझा अपमान झाला. माझा कसला? त्या टेबलावर 'फुटला तरी चालेल' असे ज्याच्याबद्दल ठरले ते मुंगीचे स्वप्न होते. मी आपला फक्त ते वाहून नेणारा. हे कळल्यावर माझा राग कमी झाला असेल असे तुम्हाला वाटेल. नाही झाला. दुप्पट झाला.

पुढच्या वर्षी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या एका मंडळीने मुंगीला बोलावले. त्यांना बास वाजवणारे माणूस हवे होते. देशोदेशी फिरायचे, आज या गावात, उद्या त्या. ती मोठी जागा नव्हे ही. हिच्यात नाव नाही, पण रोज वाजवायला मिळते. निघण्याच्या आदल्या दिवशी बाबाने थोरल्यांच्या खोलीचे दार स्वतः उघडले. मखमली खोळ काढली. नवी भक्कम पेटीही आणून ठेवली होती. त्यांचीही मान कापायची त्याची तयारी होती म्हणे.

"थोरल्यांना ने," तो म्हणाला. "मी मनापासून सांगतोय, मुंगे. घेऊन जा."

मुंगी थोरल्यांजवळ गेली. त्यांच्या कडेवरून तिने हात फिरवला. मग वळून म्हणाली, "नको, बाबा. ठोकळ्याला काही झालं तर मी रडेन. थोरल्यांना काही झालं तर तुम्ही रडाल. मला तुमचं रडणं घेऊन गावोगाव हिंडायचं नाही."

हवेच्या यंत्रातले पाणी संपत आले होते. बाबा टाकी काढून मोरीकडे गेला आणि बराच वेळ नळ वाहता ठेवून उभा राहिला.

तेव्हापासून मी विमानाच्या पोटातून फिरतो आहे. पेटीवर 'नाजूक' असे लाल कागद चिकटवतात आणि त्या कागदासकट आपटतात. थंडीने माझे पापुद्रे कुरकुरतात. प्रत्येक गावी मुंगी माझी मान जोडते, रात्री काढते. पट्टा ती स्वतः आवळते आणि त्याला कोणालाही हात लावू देत नाही. बाहुल्या नाचतात, लहान मुले खिदळतात, मी मागे उभा असतो. ती कधी कधी वाजवता वाजवता एका विशिष्ट सुरावटीशी थबकते. त्या दिवशी पडद्याआडून तिला जिथे थांबवले, तीच ती जागा. मग ती पुढे जाते. पण थबकते हे मला कळते, आणि दरवेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो, जरूर जपा. माझ्या पोटात खोडरबर टाकू नका. पण तुमच्या घरात एखादी गोष्ट खोळ घालून, दार लावून, सर्दी होईल म्हणून जपून ठेवलेली असेल, तर ती ठेवणाऱ्याला विचारा, की ही कोणासाठी ठेवली आहे? तो म्हणेल, तुझ्यासाठीच. मग म्हणा, आज मला तिची गरज आहे, आज द्या. तो मान फिरवील, पाणी पिईल, दुसरेच काहीतरी तुमच्या हातात देईल. तेव्हा मुंगीसारखे ताटाकडे बघत बसू नका. पुन्हा विचारा. आवाज चढवून विचारा. मला त्या टेबलावर ओरडायचे होते, पण कोणी गज फिरवल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तुमच्या निघतो.